खारीकचा वेदनांक

खारीक लंगडतेय हे पहिल्यांदा हर्षदच्या लक्षात आलं. तेवीस वर्षं शाळेत कवायत शिकवल्यामुळे त्याची नजर आधी पावलांवर जायची. साताऱ्यातल्या गोडोलीच्या तळ्याला फेरी मारून तो घरी आला आणि कुत्रीचा गळपट्टा सोडता सोडता म्हणाला, "पुढचा उजवा पाय चोरतेय ही."

"काटा लागला असेल," त्याची बायको वृषाली म्हणाली.

काटा नव्हता. आठवडाभर वाट पाहून ते तिला डॉक्टर फरहाना शिकलगारांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी भिंतीवरच्या पडद्यावर एक्स-रेचं चित्र लावलं. खांद्याजवळचं हाड वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीसारखं आतून पोखरलेलं दिसत होतं.

"हाडाचा कर्करोग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पाय ठेवला तर हे हाड एक दिवस चालता चालता मोडेल, आणि तोपर्यंतचं दुखणं कुठल्याही गोळीला दाद देणार नाही. पाय खांद्यापासून काढायचा. नंतर औषधाचे चार डोस. एक वर्ष मिळू शकतं. कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी."

"तीन पायांवर कशी जगेल ती?" वृषालीने विचारलं.

"पाय गेल्याची कुत्र्याला लाज वाटत नाही, ताई. ती आपल्याला वाटते."

खारीक टेबलाखाली बसून हर्षदच्या बुटाची नाडी चावत होती. वय आठ वर्षं. आई कारवान जातीची, बाप कोण ते माहीत नाही. लांब तोंड, काटक अंग आणि सुक्या खारकेचा रंग. म्हसवडला शाळांच्या स्पर्धा होत्या, तेव्हा हे पिल्लू धावपट्टीवर मुलांच्या मागे पळत सुटलं होतं. परतताना ते हर्षदच्या पिशवीतून घरी आलं.

शस्त्रक्रिया मंगळवारी झाली. दुपारी दोघं आत गेले, तेव्हा खारीक गोधडीवर पडली होती. उजव्या बाजूला पाय नव्हता. केस काढलेल्या गुलाबी कातडीवर टाक्यांची तिरकी ओळ होती. वृषालीला त्या ओळीकडे बघवेना. हर्षद मात्र लगेच खाली बसला आणि तिच्या कानामागे खाजवू लागला.

तेव्हाच डॉक्टरांनी ती पट्टी दाखवली.

करड्या रंगाची, दोन बोटं रुंद पट्टी. छातीभोवती बांधायची. आतल्या बाजूला केसाहून बारीक अशा शेकडो सुया. त्या कातडीच्या वरच्याच थरात जातात, टोचल्याचं कळतही नाही. कातडीखालच्या द्रवात ताण वाढला की जी रसायनं चढतात, ती दर मिनिटाला त्या सुया मोजतात. जोडीला हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, श्वासाची लय आणि स्नायूंची डोळ्यांना न दिसणारी थरथर. हे सगळं एकत्र करून पट्टी एक आकडा काढते, शून्य ते दहा. त्याचं नाव वेदनांक. मुका प्राणी आपलं दुखणं लपवतो, रानात ते दाखवणं जिवावर बेतायचं म्हणून. डॉक्टरांनी ते डोळ्यांवरून आणि शेपटीवरून ओळखायचं, आणि निम्म्या वेळा चुकायचं. आता चाळीस हजार कुत्र्यांच्या नोंदींवरून शिकलेलं यंत्र ते ओळखत होतं. दोन वर्षांत ही पट्टी बहुतेक सगळ्या प्राणी-रुग्णालयांत आली होती.

"आकडा तुमच्या फोनवर दिसेल," डॉक्टर म्हणाल्या. "तीनपर्यंत ठीक. पाचच्या वर गेला तर औषध वाढवू."

वृषालीने पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. ती वैधमापन निरीक्षक होती. बाजारातले काटे, पेट्रोल पंप, रेशन दुकानांतली वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे तिचं काम. माणसं काय म्हणतात त्यापेक्षा काटा काय म्हणतो, याला तिच्या आयुष्यात जास्त किंमत होती. शिवाय तिला आई आठवली. शेवटचे चार महिने आई खाटेवर होती. कधीही विचारा, "बरी आहे गं" म्हणायची. ती गेल्यावर उशीच्या अभ्र्याचं एक टोक दातांनी चावून चावून फाटलेलं वृषालीला सापडलं होतं.

"बांधा," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी आकडा चार होता. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी वृषालीने रजा टाकली.

फोन टेबलावर, ओट्यावर, न्हाणीघराच्या फळीवर, जिथे ती तिथे. आकडा पाचवर गेला की तो दोनदा टिकटिकायचा, सहावर गेला की तीनदा. भाजी चिरताना तिचा हात थांबायचा. ती उठून खारीकजवळ जायची, वाकून बघायची, टाके तपासायची, पाणी पुढे करायची, उशी सरकवायची. परत ओट्याशी येईपर्यंत आकडा सात झालेला असायचा. मग डॉक्टरांना फोन. डॉक्टर गोळी वाढवायच्या. गोळीने खारीक गुंगायची, आकडा तासभर उतरायचा आणि पुन्हा चढायचा.

हर्षदचं वेगळंच चाललं होतं. त्याने अंगणात सतरंजीची चौघडी घालून तिच्यावर खारीकला उभं केलं. ती उजवीकडे कलंडली. त्याने पोटाखाली पंचा धरून तिला तोललं. पाचव्या दिवशी ती चार पावलं टाकून कुंपणापर्यंत गेली आणि तिथे बसलेल्या भारद्वाजावर भुंकली.

"बघितलंस?" हर्षद ओरडला. "भुंकली ती!"

वृषाली दारात फोन घेऊन उभी होती. "साडेसहा आहे. तिला झोपव आधी."

"अगं, शेपटी बघ तिची."

"शेपटीने काय होतंय? ती तुला खूश करायला उठते. तुला कसरत हवी म्हणून तिने दुखणं सोसायचं का?"

हर्षदने पंचा खाली टाकला. "मी तिच्याकडे बघतोय, वृषाली. तू फोनकडे बघतेस."

"मग फोन खोटा आहे का?"

तो खारीकला उचलून आत घेऊन गेला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलू लागले. त्याने सकाळी कसरत घ्यायची, तिने मधेच थांबवायची. खारीक दोघांच्या मधे उभी राहून एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. पूर्वी वृषाली पेपर वाचायला बसली की ती तिच्या पायांवर हनुवटी टेकायची. आता ती जेवणाच्या टेबलाखाली, भिंतीला चिकटून पडायची आणि वृषाली आली की मान फिरवायची. वृषालीला वाटायचं, कळा येत असतील म्हणून.

बाराव्या दिवशी डॉक्टर शिकलगारांनी दोघांना बोलावून घेतलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"पट्टी बनवणाऱ्यांनी एक नियम घालून दिलाय," त्या म्हणाल्या. "सगळी औषधं देऊनही वेदनांकाची सरासरी दहा दिवस सहाच्या खाली येत नसेल, तर प्राण्याला झोपेतच निरोप द्यावा, असा सल्ला यंत्राकडून आपोआप येतो. तो आलाय. माझ्यावर सक्ती नाही, तुमच्यावरही नाही. पण मला तुमच्यापासून लपवता येणार नाही."

"तिने काल चपाती चोरून खाल्ली टेबलावरची," हर्षद म्हणाला. "जिला इतकं दुखतंय ती चपाती चोरते?"

"चोरू शकते, सर. त्यासाठीच तर पट्टी आली."

वृषालीने तारीख विचारली. शनिवार, सकाळी दहा.

परतताना गाडीत हर्षद एकच वाक्य बोलला. "तू सही कर. मी येणार नाही."

मधे बुधवार-गुरुवार होते, आणि त्याच दोन दिवशी कराडच्या सराफपेठेत तपासणी होती. ती टाळता येण्यासारखी नव्हती. वृषाली एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत प्रमाण वजनांची पेटी घेऊन विजेच्या एसटीत बसली. खिडकीला डोकं टेकून ती शनिवारचाच विचार करत होती. उंब्रजच्या पुढे कधीतरी फोनला रेंज नव्हती. ती आली तेव्हा आकडा दिसला, चार. तिने स्क्रीन बंद केला, उघडला. तीन.

दुपारी आकडा दोनवर होता.

तिने घाईघाईने हर्षदला फोन लावला. "पट्टी सैल झालीय. घट्ट कर."

"सैल नाहीये. आत्ताच बघितली."

"मग काय करतेय ती?"

"झोपलीय. उताणी. तिन्ही पाय वर करून."

"गोळी जास्त दिलीस का?"

"वृषाली," हर्षद थकलेल्या आवाजात म्हणाला, "जेवढी लिहिलीय तेवढीच दिली. तू जेव."

दुसऱ्या दिवशी पेडणेकर सराफांच्या दुकानात ती काटा तपासत होती. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा, काचेच्या पेटीतला काटा. तिने दहा ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवलं. आकडा स्थिर होईना. चार मिलिग्रॅम वर, सहा खाली.

"मॅडम, मागच्याच वर्षी तुमचा शिक्का आहे त्याच्यावर," पेडणेकर कावरेबावरे झाले. "काटा चोख आहे हो आमचा."

वृषालीने वर पाहिलं. डोक्यावर पंखा फिरत होता आणि काचपेटीचं मागचं दार बोटभर उघडं होतं. तिने दार लावलं. आकडा जागच्या जागी थांबला.

"काटा चोखच आहे," ती म्हणाली. "तो वजनाबरोबर वारा पण मोजत होता."

पेडणेकर हसले. वृषाली हसली नाही. तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिने फोन काढला आणि दोन दिवसांचा आलेख उघडला. बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत रेघ सहा-सातच्या आसपास दातेरी होती. त्यानंतर ती जिना उतरल्यासारखी खाली आली होती. आठ दहाला वृषालीने घराचं फाटक लावलं होतं.

उरलेली चार दुकानं तिने कशीबशी संपवली.

साताऱ्याला पोचल्यावर ती रिक्षात बसून फोनकडे बघत राहिली. दोन. फाटक उघडलं. दोन. खारीक टेबलाखालून उठली, शेपटी हलवत तीन पायांवर दोन उड्या मारून पुढे आली. वृषालीचे डोळे फोनवर होते, आता चढेल, आता चढेल. खारीक थबकली. कान मागे पडले. तीन. साडेचार. सहा. ती वळून पुन्हा टेबलाखाली गेली.

वृषाली दारातच पायरीवर बसली. हर्षद स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि तिचा चेहरा बघून घाबरला. "काय झालं?"

"मी आहे ते," ती म्हणाली. "दुखणं नाही. मी."

शुक्रवारी तिने ऑफिसात दांडी मारली आणि तपासणीची वही उघडली. काट्याच्या बाबतीत जे करायची, तेच तिने स्वतःच्या बाबतीत केलं. सकाळी नऊला घराबाहेर, एक तास. आकडा उतरला. दहाला परत, हातात फोन. चढला. मग तिने फोन हर्षदच्या हाती दिला, तो बंद खोलीत बसून नोंदी करणार होता. "मला काही सांगू नकोस. तोंडावरून पण कळू देऊ नकोस," तिने बजावलं.

ती पुन्हा घरात आली. पहिली काही मिनिटं काय करावं सुचेना. हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. मग तिने मेथीची जुडी घेतली आणि जमिनीवर बसून निवडायला लागली. खारीक टेबलाखालून बघत होती. जुडी संपेपर्यंत ती सरकत सरकत अर्ध्या खोलीपर्यंत आली होती. अर्ध्या तासाने हर्षद बाहेर आला. त्याने वही पुढे केली. तीन, तीन, अडीच, तीन.

शेवटच्या नोंदीसाठी तिने आवाज बंद केलेला फोन पुन्हा हातात घेतला. सहा मिनिटांत आकडा साडेपाच.

"म्हणजे तू नाहीस," हर्षद हळूच म्हणाला. "तू आणि हा फोन. दोघं मिळून."

इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शनिवारी सकाळी दहाला दोघंही गेले. खारीक मागच्या सीटवर बसली होती. डॉक्टर शिकलगारांनी वही पानापानाने वाचली. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"मला आधीच सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "भीती आणि वेदना, दोन्हीत रक्तात चढतं ते रसायन एकच. पट्टीला फरक कळतो तो बाकीच्या खुणांवरून. आणि त्या खुणा ती शिकली कुठे? रुग्णालयांत. चाळीस हजार कुत्री, सगळी पिंजऱ्यात, एकेकटी. मालक बाहेर बाकावर. घरातलं घाबरलेलं माणूस जवळ असताना कुत्र्याचं काय होतं, हे तिला कुणी दाखवलंच नाही. तुमच्या घामातली भीती खारीकला दुसऱ्या खोलीतून कळते, ताई. तिला वाटत असणार, एवढी घाबरलीय म्हणजे घरात काहीतरी भयंकर आहे."

"आणि मला वाटायचं तिला कळा येतायत."

"आणि मी गोळी वाढवत होते." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं किती घरांत झालं असेल, कोण जाणे. कितीजणांनी सह्या केल्या असतील. ही वही मला द्याल का? कंपनीला पाठवते. पट्टी बांधल्यापासूनचं सगळं पाठवते."

वृषालीने मान हलवली. "पट्टी काढा."

"आकडा फक्त माझ्याकडे येईल असं करता येतं. तुम्हाला दिसणार नाही."

"मी तुम्हाला दर तासाला फोन करून विचारेन, डॉक्टर. मला माहितीय मी कशी आहे."

"पण मग खरंच दुखलं तर? औषधाचे डोस अजून व्हायचेत. आजार परत आला तर? कळणार कसं?"

"ते मला माहीत नाही," वृषाली म्हणाली. "पण काढा."

पट्टी निघाली तेव्हा खारीकने अंग झाडलं, तोल जाऊन ती हर्षदच्या पायावर पडली आणि पुन्हा उठली.

पुढचे आठ-दहा दिवस वृषालीला कुठे बसवेना. घरात टिकटिक नव्हती आणि ती नसल्याचाच आवाज होत होता. कामावर असताना खिशातला फोन थरथरल्याचा भास व्हायचा. खारीक जेवली नाही की वृषाली वाटी सारखी पुढे सरकवायची, जेवली की हिने आपल्याला खूश करायला तर खाल्लं नाही ना, असं वाटायचं. दोनदा तिने डॉक्टरांचा नंबर काढला आणि फोन न लावता ठेवून दिला. एकदा ती हर्षदला म्हणाली, "काहीच न कळता लोक इतकी वर्षं कसे राहत होते?"

"असेच," तो म्हणाला. "ये, पंचा धर. आज पायरी चढायचीय तिला."

ती गेली. पंच्याचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. खारीकचं वजन पंच्यातून तिच्या मनगटात उतरलं. कुठे ती झोकून देते, कुठे अंग चोरते, ते हळूहळू हाताला कळायला लागलं. पहिली पायरी जमली. दुसरीवर ती घसरली आणि हनुवटी आपटून घेतली. वृषालीच्या तोंडून किंकाळी निघाली. खारीकने तिच्याकडे बघितलं, शिंकली आणि तिसरी पायरी चढून गेली.

पहिला डोस झाला. दोन दिवस ती मलूल होती, तिसऱ्या दिवशी तिने ताटातली कोंबडी पळवली. टाक्यांच्या जागी केस उगवायला लागले, आधी पांढरट, मग तपकिरी. एका संध्याकाळी वृषाली पेपर वाचत बसली होती, आणि पायांवर काहीतरी जड, ओलसर टेकलं. ती हलली नाही. पान उलटायचं होतं, तेही तिने उलटलं नाही.

रविवारी सकाळी अंगणात कोवळं ऊन आलं होतं. हर्षद आत चहा टाकत होता. वृषाली खारीकला कुशीत घेऊन ब्रश फिरवत होती. मानेवरून, पाठीवरून, मग उजव्या खांद्यावरून. आता तिला त्या जागेची भीती वाटत नव्हती. जखमेच्या वरच्या टोकाशी बोटं थोडी दाबली गेली.

खारीक गुरगुरली.

आठ वर्षांत ती वृषालीवर कधी गुरगुरली नव्हती. ओठ वर गेला होता आणि एक दात दिसत होता. वृषालीने हात उचलला. गुरगुर थांबली. तिने दोन बोटं खाली ठेवून पाहिलं, काही नाही. मागे, काही नाही. पुन्हा वर, अगदी हलकेच, आणि खारीक पुन्हा गुरगुरली. मग तिने मान वळवून वृषालीचं मनगट तोंडात धरलं आणि तसंच धरून ठेवलं. दात लागले नाहीत.

वृषालीने डाव्या हाताने डॉक्टरांचा नंबर लावला.

"डॉक्टर, दुखतंय तिला," ती म्हणाली. "सगळीकडे नाही. जखमेच्या वरच्या टोकाला, पाठीच्या बाजूला. बोटाच्या पेराएवढी जागा आहे."

"तिथेच कापलेल्या नसेचं टोक असतं," डॉक्टर म्हणाल्या. "कधी कधी ते सुजून त्याची गाठ होते. घाबरू नका, ही गाठ कर्करोगाची नसते. इंजेक्शनने बसते. किती दुखतंय?"

वृषालीने खारीककडे बघितलं. तिचं मनगट अजून त्या तोंडात होतं.

"गुरगुरण्याइतकं," ती म्हणाली.

"लगेच या घेऊन," डॉक्टर म्हणाल्या.